आधारच्या मशीनवर आईचा अंगठा लागत नाही म्हणे!

जिनं उभं आयुष्य विड्या वळल्या, तिच्या बोटांवर रेघा शोधायला निघालेत हे लोक. तेही सोलापुरात! इथं पूर्व भागात कुठल्याही बोळात शिरा, दारात सूप मांडीवर घेऊन बसलेली बाई दिसेल. विड्या वळून झिजलेला तिचा अंगठा मशीनवर उमटणार नाही, हे शेंबडं पोरगंही सांगेल. फक्त मशीन घेऊन बसलेल्याला ते माहीत नसतं.

आईला एका दवाखान्यात साफसफाईचं काम लागत होतं. ठेकेदाराची अट, आधी व्हेरिफिकेशन. आता फरशी पुसायलाही चारित्र्य तपासतात, ठीक आहे बाबा, तपासा. पण यांचं व्हेरिफिकेशन म्हणजे काय, तर केंद्रात जाऊन काडेपेटीएवढ्या डबीच्या काचेवर अंगठा ठेवायचा आणि स्क्रीनवर हिरवी खूण यायची वाट बघायची. आमची काही हिरवी आली नाही. त्यात नेमका त्या दिवशी नळाला पाणी यायचं होतं. सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको, चार-पाच दिवसांनी येणारं पाणी सोडून रांगेत उभं राहणं म्हणजे काय ते.

केंद्रातला पोरगा आधी म्हणाला, "मावशी, हात धुऊन या की." धुऊन आली. मग, "केसाला पुसा, तेल लागलं की येतं." पुसलं. मग कुणाच्या तरी पर्समधली व्हॅसलीन. शेवटी त्यानं आईचा अंगठा स्वतःच्या चिमटीत धरला आणि काचेवर असा दाबला की नख पांढरं पडलं. आई नुसती "हळू रे बाळा" म्हणाली. मीच बोललो जरा जास्त. रांगेतले लोक माझ्याकडेच असे बघायला लागले जणू मीच त्यांचा वेळ खातोय.

त्या हातांकडे त्यानं एकदा तरी बघायचं होतं. भिजवलेलं पान पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, चिमटीत वळायची, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं. मजुरी हजारावर, म्हणजे हे सगळं हजारदा केल्यावर. कात्रीच्या कड्यानं अंगठ्याला पडलेला घट्टा, दोऱ्यानं तर्जनीवर पडलेली खाच, नखाच्या कडेला मुरलेला तपकिरी रंग. तो धुऊन जात नाही रे राजा! आणि एवढं करून विडी कंपनीच्या ब्रँचमध्ये माल द्यायला गेलं की तिथलाही एकजण मूठभर विड्या वाईट म्हणून बाजूला काढणार. तिकडं विडी नापास, इकडं अंगठा नापास.

डोकं फिरलं ते पुढच्या प्रश्नानं. "आधार नक्की यांचंच आहे ना?"

म्हणजे मशीनला वाचता येईना, तर संशय बाईवर! याच सोलापुरात एके काळी तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट होती. जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची माणसं तिथं डांबलेली. 1911 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात त्यांच्या बोटांचे ठसे घ्यायची सोय होती, हजेरी होती, सगळं होतं. 1924 मध्ये त्याच्या जागी तसाच नवा कायदा आला, तो देशभरातून 1952 मध्ये गेला. पण काउंटरच्या पलीकडून गरिबाकडे बघायची नजर काही कुठल्या कायद्यानं गेलेली नाही.

बरं, हे मशीन सांगतं तरी काय? ही बाई आधारवरचीच आहे, हो किंवा नाही. बस्स. तिनं कधी चोरी केली का, तिच्यावर केस आहे का, यातलं त्याला काहीही कळत नाही. ते पोलिसांच्या नोंदी बघून कळतं, आणि त्यासाठी चारित्र्य पडताळणीचा अर्ज वेगळा असतो. पण ठेकेदाराला त्यात रस नाही. त्याला हिरव्या खुणेची प्रिंट फाइलला लावायची आहे.

आणि आधार काढताना दहा बोटं घेतली तसे दोन्ही डोळेही घेतले होते की नाही? चेहराही घेतला होता. डोळ्यांवरून ओळख पटते, चेहऱ्यावरून पटते, मोबाइलवर ओटीपी येतो. सरकारनं या वाटा ठेवल्यात त्या नुसत्या बोर्डावर लावायला का? विचारलं तर म्हणे, "आमच्याकडं फक्त अंगठ्याचं मशीन आहे." अरे, मग विडी कामगारांच्या गावात दुकान कशाला मांडलंस बे! विड्या वळणाऱ्या बायकाच काय, लूमवर सूत जोडणारे आहेत, गवंडी आहेत, धुणीभांडी करणाऱ्या आहेत, म्हातारी माणसं आहेत. निम्म्या रांगेची हीच गत, आणि प्रत्येकाला वाटतं आपलंच बोट खराब.

शेवटी त्यानं मोठ्या मनानं सल्ला दिला. आठ-दहा दिवस मावशींना विड्या वळू देऊ नका, हाताला आराम द्या, रेघा परत येतात, मग या. खोटं नाही बोलला, कातडीच्या आतून रेघा भरून येतात म्हणतात. पण विड्या सुटाव्यात म्हणूनच तर ही नोकरी हवी होती! नोकरीसाठी अंगठा, अंगठ्यासाठी विड्या बंद, आणि तोवर चूल कुणाच्या बापाच्या पैशानं पेटवायची? हे विचारलं तर त्यानं मान वर न करता पुढचं टोकन पुकारलं.