‘आय-सेव्हनच घ्या’ म्हणणाऱ्यांनो, आधी कोअर मोजा

बारावीचे निकाल लागले की एक मेसेज हमखास फिरायला लागतो: “मुलांना लॅपटॉप घेताय? आय-फाइव्ह नको, जुना का होईना आय-सेव्हनच घ्या. ग्राफिक्स कार्ड असलं की रेंडरिंग झटक्यात. रॅम 8 जीबी पुरे, नंतर वाढवता येते.” आर्किटेक्चर, इंटिरियरला जाणाऱ्या मुलांचे पालक तो वाचतात आणि थेट दुकान गाठतात.

आधी आय-सेव्हन, म्हणजे इंटेलच्या प्रोसेसरचा (सीपीयूचा) एक दर्जा. हा दर्जा त्या त्या पिढीपुरताच. 2015 सालच्या आय-सेव्हन 6600यू मध्ये कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) 2 आणि थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) 4. 2022 च्या आय-फाइव्ह 12450एच मध्ये कोअर 8, थ्रेड 12. भाचीसाठी आम्हीही तो 6600यूवाला रिफर्बिश्ड आणला होता, स्टिकर बघून. सबमिशनच्या आदल्या रात्री तिने व्ही-रे या सॉफ्टवेअरमध्ये एका हॉलचा व्ह्यू रेंडरला लावला, म्हणजे थ्रीडी मॉडेलचं खऱ्यासारखं चित्र काढायला. सीपीयूवर व्ही-रे चित्र छोट्या छोट्या चौकोनांनी भरत नेतं, एका थ्रेडमागे एक चौकोन. तिच्या स्क्रीनवर चारच चौकोन, आणि तेही काचेच्या टीपॉयपाशी येऊन रुतून बसलेले. रात्री अडीचला तीच फाइल माझ्या साध्या रायझन 5 5500यू प्रोसेसरच्या लॅपटॉपवर उघडली, तर बारा चौकोन कामाला लागले. शीट पहाटे निघाली. शिवाय 6600यू विंडोज 11 ला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत बसत नाही, आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. आता त्यावर लिनक्स टाकून दिलंय, आई कीर्तनं ऐकते.

ग्राफिक्स कार्डाचं म्हणणं अर्धं खरं. ल्यूमियनसारख्या सॉफ्टवेअरला वेगळं कार्ड लागतंच, तिथे वाद नाही. पण ऑटोकॅडमधल्या टूडी प्लॅनचं त्यावाचून काही अडत नाही. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधल्या सायकल्स या रेंडरिंगच्या भागाला तर सांगावं लागतं: प्रेफरन्सेसमध्ये ऑप्टिक्स (एनव्हिडियाच्या कार्डांसाठीचा पर्याय) निवडायचं, मग रेंडरच्या टॅबमध्ये डिव्हाइस जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स कार्ड) करायचं. हे राहिलं तर कार्ड नुसतं बसून राहतं आणि सगळा भार सीपीयूवर. एमएक्स 330 सारख्या कार्डाची मेमरी 2 जीबी. झाडं, गवत, मोठी टेक्स्चर्स आली की सीन त्यात मावत नाही. आणि आरटीएक्स 3050 नाव एकच असलं, तरी कंपनी लॅपटॉपनुसार त्याला 35 वॉटपासून 80 वॉटपर्यंत वीज देते. पातळ, देखण्या लॅपटॉपात बहुतेक वेळा कमीच, आणि वीज कमी तर वेगही कमी.

रॅमचं थोडक्यात: अनेक पातळ लॅपटॉपांत ती बोर्डावरच सोल्डर केलेली (कायमची जोडलेली) असते, मग ‘नंतर’ कसलं वाढवताय! त्यात वेगळं कार्ड नसेल तर ग्राफिक्सही त्याच 8 जीबीत वाटा मागतं.

(मुलगा शाळेत असेल, काम वह्या-प्रोजेक्ट-पीपीटीचं असेल, तर यातलं काहीच नको. एसएसडी (वेगवान स्टोरेज) असलेला अलीकडचा आय-थ्री भरपूर झाला.)

दुकानात मशीन चालू करायला लावा आणि कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक केलं की कोअर आणि ‘लॉजिकल प्रोसेसर’ म्हणजे थ्रेड दिसतात. मेमरीवर क्लिक केलं की स्लॉट किती, भरलेले किती. तिथे ‘रो ऑफ चिप्स’ लिहिलेलं दिसलं तर रॅम बहुधा सोल्डर केलेली आहे. दुकानदार काहीही म्हणो.