मूळव्याध नाही हो, मांड्या आहेत!

परभणीच्या स्टँडवर एसटी थांबली आणि मला खाली उतरता येईना. मग दाराचा दांडा घट्ट धरला, तोंड गाडीकडे केलं आणि एकेक पायरी चाचपत उलटा उतरू लागलो. खाली उभ्या असलेल्या एका धोतरवाल्या बाबांनी हे बघितलं आणि अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मूळव्याध हाय का ओ?"

"नाही हो बाबा. बैठका मारल्या, मांड्या भरल्यात."

"लाजायचं काय त्यात? आमच्या जावयालाबी हाय. सुरण खावा."

कंडक्टर म्हणाला, "बाबा, वात असंल."

"वात असता तर चढतानाबी दुखलं असतं की. चढताना दुखलं का ओ?"

"नाही."

"झालं मग!"

मागून कोणीतरी ताक सुचवलं. एक मावशी म्हणाल्या, तिखट बंद करा. मराठवाड्यात राहून तिखट बंद करायचं! काळा मसाला गेला, ठेचा गेला, मग जेवायला बसायचं तरी कशाला?

राग याचा येतो की बाबांचा निष्कर्ष चुकला, पण निरीक्षण नेमकं होतं. चढताना मांडीच्या पुढचा स्नायू, म्हणजे क्वाड्रिसेप्स, आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू वजन पेलत पेलत लांबत जातो, ब्रेक लावत. बैठकीत खाली जातानाही हेच होतं. या लांबण्यात स्नायूतले काही सार्कोमिअर, म्हणजे आखडण्याचं काम करणारे बारीक तुकडे, गरजेपेक्षा जास्त ताणले जाऊन विस्कटतात. मग सूज येते आणि आतल्या मज्जातंतूंची टोकं हुळहुळी होतात. याला वेळ लागतो, म्हणून व्यायामाच्या दिवशी माणूस मजेत असतो आणि 24 ते 72 तासांत त्याचा कडेलोट होतो. देवगिरी किल्ला चढून आलेल्यांना दुसऱ्या दिवशी विचारा. त्यांना चढणीने नाही, उतरणीने मारलेलं असतं.

हे सगळं स्टँडवर कोण ऐकणार? बाबा तोवर जावयाच्या ऑपरेशनपर्यंत पोचले होते.

बाबांचं एक वेळ सोडा. जिममधला ट्रेनर, ज्याला याचेच पैसे मिळतात, तो सांगतो, "सर, लॅक्टिक ॲसिड साचलंय." व्यायामानंतर तासाभरात लॅक्टेट, म्हणजे या ॲसिडचंच शरीरातलं रूप, जवळपास पूर्वपदावर येतं, परवाच्या बैठकांचं ते आज कुठून उरणार? 1922 चं नोबेल हिल आणि मायरहोफ या शास्त्रज्ञांना स्नायूंतली उष्णता आणि लॅक्टिक ॲसिड यांवरच्या कामासाठी मिळालं, आणि तेव्हापासून त्या ॲसिडवर नको ती खापरं फुटतायत. दुखणं स्नायूच्या आतल्या फाटण्यामुळे असावं, हे थिओडोर हफ या शास्त्रज्ञाने 1902 सालीच मांडलं होतं.

आणि पहिल्याच दिवशी शंभर बैठका कशासाठी? नवख्याला 8 ते 10 बैठकांचे दोन सेट पुरतात. तेवढ्यावरही स्नायू सावध होतो आणि पुढच्या वेळी तोच व्यायाम कितीतरी कमी दुखतो. मध्ये दोन दिवस सोडायचे, घरात बसून न राहता हलकं चालायचं. स्ट्रेचिंगने हे दुखणं फारसं टळत नाही. पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मेंदू-मज्जातंतूंची. दंड फुगायला नंतर वेळ आहे. त्यामुळे लगेच पावडरचा डबा गळ्यात मारू नये. 100 ग्रॅम शेंगदाण्यात साधारण 25 ग्रॅम प्रथिनं असतात, आणि शेंगदाणे आपल्याकडे चटणीपासून उपवासापर्यंत सगळीकडे आहेतच.

दुखणं मात्र असह्य झालं, मांडी टणक फुगली, लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, तर सुरण नको आणि ट्रेनरही नको. सरळ दवाखाना गाठायचा. फुटलेल्या स्नायूंतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन मूत्रपिंडाला बाधतं.

ट्रेनरला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला काय हौस आहे का सर? दुसऱ्या दिवशी दुखलं नाही तर मेंबर फी परत मागतात."