आमच्या नळावर म्हणे सलोखा होता!

सलोखा! आमच्या नळावर सलोखा! हे ज्याने छापायला घेतलंय त्याला एकदा पहाटे साडेचारला तिथे उभा करायला हवा होता, हातात दोन कळश्या आणि एक बालदी देऊन.

काल रात्री मंडळाच्या स्मरणिकेचं प्रूफ आलं. लालबागच्या आमच्या जुन्या चाळीतल्या सार्वजनिक नळावर मी दीड पान लिहून दिलं होतं. मागे लागून लागून घेतलं हो माझ्याकडून. 'ताई, तुम्ही मस्त लिहिता, तुमच्या स्टाइलमध्ये द्या.' दिलं. मी लिहिलं होतं, 'रांग माणसांची नसायची, भांड्यांची असायची. खालच्या काकूंची पितळी घागर पहिली. घागर नळाखाली, काकू घरात. पण ती कुणी बोटभर सरकवली तर काकूंना भिंतीपलीकडून कळायचं, आणि सरकवणाऱ्याच्या सात पिढ्यांची आंघोळ तिथेच उरकायची.'

प्रूफात काय आहे? लेख लिहून देणाऱ्या यंत्रातून, म्हणजे एआयमधून, फिरवलेला, आणि त्यात हे: 'पहाटेच्या कोवळ्या किरणांत न्हाऊन निघालेला तो नळ केवळ पाण्याचा स्रोत नव्हता, तर तो एकतेचा, आपुलकीचा आणि सामाजिक सलोख्याचा जिवंत झरा होता.'

कोवळी किरणं? साडेचारला? पालिकेच्या खांबावरच्या दिव्याची असतील, तोही आठवड्यातून चार दिवस बंद. घागर गेली, सात पिढ्या गेल्या, आणि काकूंच्या जागी 'स्नेहशील शेजारीण' येऊन बसली. स्नेहशील! त्या बाईने एका बालदीवरून माझ्या आईशी धरलेला अबोला गौरी जेवायला आल्या तेव्हा कुठे सुटला. गौरींमुळेसुद्धा नाही, हरभऱ्याची डाळ कमी पडली म्हणून. आणि झरा कसला? करंगळीएवढी धार यायची. झरा असता तर भांडलो कशाला असतो?

तरी हे मी गिळलं असतं. पुढे गिरणी संपाचा परिच्छेद आहे. मी दोन ओळी लिहिल्या होत्या. '१९८२च्या जानेवारीत भोंगा वाजायचा थांबला. नळाला पाणी त्याच वेळी यायचं, पण रांगेत आता बापे पण दिसायला लागले, आणि ते भांडायचे नाहीत.' बस. ज्याला कळायचं त्याला कळतं. अडीच लाख कामगार घरी बसले, तो संप कुणी कधी रीतसर मागेही घेतला नाही, घरातली भांडीकुंडी विकली गेली. याचं यंत्राने काय केलं? 'संपाच्या आव्हानात्मक काळातही रहिवाशांनी एकमेकांना खंबीर साथ देत सकारात्मकतेने मार्गक्रमण केले.' आव्हानात्मक काळ! माझ्या बापाची नोकरी गेली होती रे, स्टार्टअप नव्हतं बुडालं. आणि न भांडणारे बापे? काढून टाकले. त्या अख्ख्या दीड पानात माझी म्हणावी अशी तेवढी एकच ओळ होती.

सचिवाला फोन केला. पोरगा चांगला आहे, वर्गणीचा हिशोब पैशापर्यंत देतो, म्हणून जास्त राग येतो. म्हणे, "अहो ताई, तुमचाच आवाज ठेवलाय! मी त्याला तसं सांगितलं होतं, आवाज तोच ठेव म्हणून." म्हणजे झालं. आणि फक्त माझाच लेख नाही. "सगळ्यांचेच फिरवून घेतले, एकसारखं दिसावं म्हणून." बघा! चाळ पाडून टॉवर बांधायचा तरी निम्म्याहून जास्त भाडेकरूंच्या सह्या लागतात. माझ्या दीड पानाचं रिडेव्हलपमेंट करताना मला साधी नोटीससुद्धा नाही.

बाकीची पानं चाळली. भजनी मंडळ म्हणजे केवळ भजन नव्हे, तर संस्कार. गोविंदा पथक म्हणजे केवळ थर नव्हेत, तर विश्वास. खानावळ म्हणजे केवळ जेवण नव्हे, तर मायेचा घास. अरे, खानावळीत जेवणच मिळायचं! महिन्याचे पैसे आगाऊ भरून! चौथी पोळी मागितली तर खानावळवाली अशी बघायची की माणूस ताक पिऊन उठायचा. तीन वेगवेगळ्या माणसांनी लिहिलंय. त्यातला एक आयुष्यभर शिवीशिवाय वाक्य पुरं न करणारा. आणि सगळे एकाच सुरात, प्रत्येक गोष्ट तीन-तीन विशेषणांनी, शेवटी 'हा वारसा पुढील पिढ्यांना प्रेरणा देत राहील'. भाषणाला उभं राहिलेल्या नगरसेवकाला सर्दी झाली तर तोसुद्धा यापेक्षा वेगळा वाटेल.

आता लगेच कुणी मला 'काळाबरोबर चला' सांगू नका. मी वापरते. वॉर्ड ऑफिसला गटाराच्या झाकणाचा अर्ज त्याच्याकडूनच लिहून घेतला आणि झकास लिहिला त्याने. अर्जाला माझा आवाज नको असतो, आवक नंबर हवा असतो. ऑफिसातल्या साहेबाला इंग्रजी मेल? यंत्रच लिहितं, साहेब यंत्राकडूनच उत्तर देतो, दोघांचं बरं चाललंय. पण स्वतःचं काही लिहिताना मी आधी पूर्ण लिहिते, मग त्याच्यापुढे टाकते, आणि ठणकावून सांगते: फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघ. चूक दाखव, दुरुस्त करू नकोस. वाक्याला हात लावायचा नाही.

"नक्कीच!" म्हणतं. तो 'नक्कीच' ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. 'विहीरीत'चं 'विहिरीत' करून देतं, कबूल. पण त्याच दमात माझं 'असं केलं' पुसून 'असे केले' करतं, 'बापे'चं 'पुरुषवर्ग' करतं, आणि खाली विचारतं, हे अधिक भावनिक करून देऊ का? साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे जे नियम सरकारने १९६२ साली मान्य केले, त्यांनीही बोलण्यातल्या 'असं केलं'ला जागा ठेवली आहे. महामंडळापेक्षा हा कडक!

बरं, शिकलाय कुठून? जे टाइप झालंय त्यातून. बहुतेक इंग्रजी, आणि मराठी म्हणून जे थोडंफार मिळालं त्यात बातम्या, सरकारी संकेतस्थळं आणि जाहिरातींची भाषांतरं. खालच्या काकूंनी उभ्या जन्मात एक ओळ टाइप केली नाही. पुढचा शब्द कुठला जास्त शक्य, हे बघत बघत तो वाक्य पुरं करतो, आणि 'सामाजिक'नंतर 'सलोखा' येणारच, 'सात पिढ्यांची आंघोळ' कशाला येईल? तसा त्या भाषांतरित मराठीवरचा माझा राग फार जुना आहे. 'आता खरेदी करा आणि बचतीचा आनंद घ्या!' कोण घेतं बचतीचा आनंद? आणि फोनचा कीबोर्ड, जो माझ्या नणंदेचं नाव अजूनही एका भाजीचं करून टाकतो. नणंदेला वाटतं मी मुद्दाम करते.

पण खरं सांगू का, कपाटातून मंडळाच्या जुन्या स्मरणिका काढल्या आणि माझी जरा पंचाईत झाली. चॅटजीपीटी आलं नोव्हेंबर २०२२ला. आमच्या अध्यक्षांचं मनोगत त्याच्या कितीतरी आधीपासून 'उत्स्फूर्त प्रतिसाद', 'खारीचा वाटा' आणि 'शब्द अपुरे पडतात' यावर चालू आहे. शब्द अपुरे पडतात म्हणून दोन पानं. एका वर्षी तर मागच्या वर्षीचंच छापलं होतं, कुणाच्या लक्षात आलं नाही, अध्यक्षांच्याही. आणि शाळेत बाई निबंधात माझ्या 'पाऊस पडला की आमच्या जिन्यात वास येतो' या वाक्यावर लाल रेघ मारायच्या आणि 'सृष्टीने हिरवा शालू पांघरला' लिहिणारीला दहापैकी नऊ द्यायच्या. ते यंत्र आमच्या बाईंच्याच वर्गातलं, पहिल्या बाकावरचं असणार.

रात्री मी स्वतः त्याच्याशी भांडायला बसले. आणि इथे माझी खरी हार झाली. बेस्टच्या कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून भांडलं तर तो दोन ऐकवतो, मी चार ऐकवते, दोघंही मोकळे होऊन आपापल्या स्टॉपला जातो. हा म्हणतो, 'तुमचा मुद्दा अगदी योग्य आहे. मी मूळ शैली जपून पुन्हा लिहितो.' आणि परत किरणं. रात्री साडेबाराला पन्नाशी उलटलेली बाई फोनमध्ये 'तुझं डोकं फिरलंय का' टाइप करतेय, आणि वर पुढे 'प्लीज' लावतेय. आतून नवऱ्याने विचारलं, "कुणाशी भांडतेस?" म्हटलं, "कुणाशी नाही." चिडून म्हटलं, पण उत्तर अगदी खरं होतं.

सकाळी कमिटीतल्या एका हुशाराने आणखी भर घातली. मूळ लेख तरी ताईंचाच कशावरून? तपासता येतं म्हणे. त्याने कुठल्याशा तपासणीत टाकला आणि मला स्क्रीनशॉट पाठवला, 'काही भाग यंत्रलिखित असण्याची शक्यता'. माझा! काकूंच्या घागरीसकट! अरे शहाण्या, ओपनएआयने, म्हणजे चॅटजीपीटीच्याच कंपनीने, स्वतःचंच असलं तपासणीयंत्र जानेवारी २०२३मध्ये काढलं आणि नीट ओळखता येत नाही म्हणून जुलैमध्ये बंद केलं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठवाल्यांनी त्याच वर्षी असली यंत्रं इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या इंग्रजी निबंधांवर चालवून पाहिली, तर माणसांनी लिहिलेल्या निम्म्याहून जास्त निबंधांवर यंत्राचा शिक्का बसला. आणि हा आमच्या लालबागच्या मराठीवर चालवतोय. सलोख्याच्या पानाला कुणी तपासलं नाही. ते सगळ्यांना आवडलं. 'ताई, डोळ्यांत पाणी आलं' असे मेसेज येताहेत मला, न लिहिलेल्या लेखासाठी.

मी सचिवाला कळवलंय: मूळ लेख जसाच्या तसा, शुद्धलेखनाच्या चुका माझ्या जबाबदारीवर, नाहीतर माझं नाव काढ. तो म्हणतो, "ताई, तुमचा मूळ घेतला तर पाव पान रिकामं राहतं. सलोख्याने बरोबर भरत होतं."

म्हटलं, तिथे नाक्यावरच्या फरसाणवाल्याची जाहिरात टाक. ती त्याने स्वतः लिहिली आहे. 'माल ताजा. भाव एक. उधारीवाल्याने समोरच्या फुटपाथवरून जावे.' आणि खबरदार तिला कशातून फिरवलीस तर.