मक्याची काणी बियाण्यातून येते का? एका कमेंटला उत्तर

दादा, कमेंट वाचली. मी लिहिलं होतं की कणसाच्या केसांवर पराग लवकर पडला तर मक्याची काणी, म्हणजे गाठी करणारा बुरशीचा रोग, कणसाला कमी लागते. तुमचं म्हणणं असं की काणी बियाण्यातून येते, गंधक चोळलं की विषय संपला, आणि मी उगाच कणसाच्या केसांचं आणि परागाचं पुराण लावलंय.

गंधकाचं बरोबर आहे, पण ते ज्वारीच्या दाणे काणीचं, तिथे बीजाणू बियाण्यालाच चिकटून येतात म्हणून बीजप्रक्रिया भारी काम करते. मक्याची साधी काणी, म्हणजे उस्टिलागो मेडिस, तिचा कारभारच वेगळा. ती जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहते, वाऱ्या-पावसाबरोबर झाडावर येते आणि जिथे शिरेल तिथेच गाठ करते, आणि कणसात शिरायचा तिचा मुख्य रस्ता म्हणजे हे केस.

आता टायमिंग बघा. एक केस म्हणजे एक दाणा. पराग पडला की साधारण 24 तासांत फलन होतं, मग काही दिवसांत केस बुडाशी आक्रसून सुटतो, बुरशीला आत उतरायला वाटच उरत नाही. पराग मिळालाच नाही तर केस आठ-दहा दिवस ताजाच राहतो आणि दार उघडं. फुलोऱ्यात पाण्याचा ताण पडला की नेमकं हेच होतं, तुरा (पराग देणारा नर फुलोरा) वेळेवर येतो, केस मागे पडतात आणि बाहेर येईपर्यंत पराग झडून गेलेला असतो. बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये मादी ओळींचे तुरे खुडलेले असतात, तिथे नर ओळी मागेपुढे झाल्या तरी तीच गत.

आणि 'नुसती थिअरी' म्हणालात म्हणून सांगतो, मेक्सिकोत हीच काणी हुइतलाकोचे म्हणून चवीने खातात (हो, आपण बांधावर फेकतो ती!). ती मुद्दाम पिकवायची तर आधी परागीभवन रोखतात आणि मग केसांच्या बाजूने कणसात बुरशी टोचतात, कारण पराग आधी पडला तर गाठी फार कमी धरतात.

लवकर परागीभवन म्हणजे सगळ्या बुरशींवर इलाज, असं मात्र मी कुठेच म्हटलेलं नाही, ते तुम्ही माझ्या तोंडी घातलंत. अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करणाऱ्या अस्परजिलस बुरशीला तर उलट सुकत चाललेले, पिवळे-तपकिरी केस आवडतात, तिथे उष्णता, दुष्काळ आणि अळीची भोकं यांचा हिशेब वेगळा.

तुमच्या प्लॉटमध्ये गाठी कणसाच्या शेंड्याकडे जास्त होत्या का, तेवढं बघून सांगा, कारण शेंड्याचे केस सगळ्यात शेवटी बाहेर येतात आणि पराग हुकतो तो बहुतेक त्यांचाच.