तोफा झोपल्या नव्हत्या हो! ‘सात मिनिटं’वाल्या कमेंटला उत्तर

तुमच्या कमेंटला खाली चार ओळींत उत्तर देणं जमेना म्हणून वेगळं लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की ‘कॉम्बॅट मिशन: बॅटल फॉर नॉर्मंडी’ या दुसऱ्या महायुद्धावरच्या गेममध्ये १०५ एमएम तोफांची बॅटरी (म्हणजे तोफांची तुकडी) मागवली की सात-सात मिनिटं काही पडत नाही, तोवर जर्मन झुडपांच्या बांधाआडून पसार, खऱ्या युद्धात अमेरिकन तोफा दोन-तीन मिनिटांत गोळे टाकायच्या, म्हणजे हा डिले निव्वळ गेम बॅलन्स करायला घुसवलाय आणि मी त्याला उगाच डोक्यावर घेऊन नाचतोय.

आता दोन-तीन मिनिटांचा आकडा खोटा नाहीये, पण तो कुठल्या फायर मिशनचा (म्हणजे माऱ्याच्या कामाचा) ते बघा ना. ज्या जागेवर तोफा आधीच गोळे टाकून रजिस्टर केल्यात, नकाशावर तिला नंबर दिलाय, तिथे पुढे बसून टार्गेट बघणाऱ्या ऑब्झर्व्हरने रेडिओवर नंबर सांगितला की काम झालं. गेममध्ये हेच टीआरपी, म्हणजे टार्गेट रेफरन्स पॉइंट (नकाशावर आधीच ठेवायची खूण), करतो, आणि तुम्ही स्वतःच लिहिलंय की टीआरपी एकही घेतला नाही कारण खरेदीचे सगळे पॉइंट्स शर्मन रणगाड्यांमध्ये गेले! मग राव, तोफखाना काय हाक मारली की येणारा चहावाला आहे का?

त्या सात मिनिटांत होतं काय ते सांगतो. एफओ म्हणजे फॉरवर्ड ऑब्झर्व्हर बांधाच्या फटीतून बघतो, आधी स्वतः नेमका कुठे आहे ते नकाशावर शोधतो (नॉर्मंडीत प्रत्येक शेत शेजारच्या शेतासारखंच दिसतं, इथेच निम्मे घोळ होतात), मग टार्गेट कुठे ते सांगतो. मागे फायर डायरेक्शन सेंटरमध्ये माणसं दिशा, नळीची उंची, चार्ज (किती दारू भरायची ते) काढतात, ते तोफांना कळवतात, तोफ फिरते, आणि पहिला गोळा सुटतो. सहा-सात किलोमीटरवरून यायला त्याला वीसेक सेकंद लागतात, म्हणजे हवेतला वेळ सगळ्यात कमी. तो टार्गेटच्या पलीकडे पडला की ‘अलीकडे घ्या’, पुढचा अलीकडे पडला की मधलं अंतर निम्मं करा, परत निम्मं करा, आणि प्रत्येक करेक्शनला पुन्हा तीच साखळी, म्हणजे धरा एकेक मिनिट. अशी चार करेक्शन्स झाली की मगच फायर फॉर इफेक्ट, म्हणजे सगळ्या तोफांचा खरा मारा. आपल्या देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी आहे, नाशिककडचा कुणी जुना गनर ओळखीचा असेल तर त्याला विचारा.

आणि हो, अमेरिकन खरंच फास्ट होते, कारण ही फायर डायरेक्शनची पद्धत त्यांनी १९३० च्या दशकात फोर्ट सिलला, त्यांच्या तोफखान्याच्या शाळेत, घोटून ठेवली होती, एका एफओच्या हाकेवर बटालियनच्या बाराही तोफा एका जागी वळायच्या. गेममध्येही ते फास्टच आहेत! याच मालिकेतल्या ‘रेड थंडर’मध्ये रशियन एफओ घेऊन बघा एकदा, मग या सात मिनिटांना नावं ठेवा.

स्पॉटिंग राउंड (नेम जुळवायला टाकलेले ते पहिले गोळे) दोनशे मीटर लांब पडत होते, ही तुमची दुसरी तक्रार. तुमचा कॅमेरा आकाशात आहे, तुमचा एफओ नाही. मी आधी त्याच्या खांद्यामागे कॅमेरा नेतो आणि तिथून खरंच काय दिसतंय ते बघतो. गोळा बांधामागे पडला आणि त्याला दिसलाच नाही तर तो करेक्शन देणार कसलं?

मला तर उलट वाटतं की गेम आपल्याला फार सांभाळून घेतो. ऑगस्ट १९४४ मध्ये नॉर्मंडीतल्या मोर्तँ गावाजवळ हिल ३१४ या टेकडीवर अमेरिकन ३० व्या डिव्हिजनची सातशेच्या आसपास माणसं वेढ्यात अडकली होती, ७ तारखेपासून १२ पर्यंत. तिथला लेफ्टनंट रॉबर्ट वाइस हा एफओ वरून तोफांना टार्गेट देत राहिला, टेकडी टिकली ती मुख्यतः त्या माऱ्यावर. पण त्यांच्या रेडिओच्या बॅटऱ्या संपत आल्या होत्या, त्या जपून जपून वापराव्या लागत होत्या. औषधं पोहोचवायला मागच्या तोफांनी रिकाम्या केलेल्या गोळ्यांत सामान भरून ते टेकडीवर डागलं, त्यातलं बरंच फुटून वाया गेलं. आपल्या गेममध्ये रेडिओची बॅटरी कधी संपते का? ‘तोफा दुसऱ्या रेजिमेंटच्या कामात आहेत, थांबा’ असं कुणी सांगतं का? शिवाय आपल्याला स्क्रीनवर मिनिटांचा अंदाज दिसतो. वाइसला कोण दाखवत होतं? माझ्या मते काही खोटं असेलच तर ते तिथे आहे, डिलेमध्ये नाही.

तर पुढच्या क्विक बॅटलला (स्वतः सैन्य निवडून खेळायच्या लढाईला) एक शर्मन कमी घ्या आणि दोन टीआरपी घ्या, पण जर्मन बसलाय असं वाटतं तिथे ठेवू नका, मार खाल्ल्यावर तो ज्या रस्त्याने मागे जाईल त्या चौकात ठेवा. सेटअप फेजमध्येच, म्हणजे लढाई सुरू होण्याआधी, एक मिशन पाच-दहा मिनिटांनंतरचं लावून टाका, त्याला स्पॉटिंग लागत नाही. एफओला पहिल्या बांधावर नाचवू नका, एकदा मिशन दिलं की त्याला हलवू पण नका, आणि टार्गेट थोडं सरकलं तर कॅन्सल करून नव्याने मागवण्यापेक्षा अ‍ॅडजस्ट वापरा, वेळ बराच वाचतो. समोर आत्ता दिसणाऱ्या एमजीसाठी (मशीनगनसाठी) कंपनीची ६० एमएम मॉर्टर आहेच की, त्याच्यासाठी १०५ कशाला जागी करायची.

एवढं करून पण चौकात कुणी सापडलं नाही तर सेव्ह फाइल पाठवा, तुमचा एफओ कुठे बसवला होता ते मला बघायचंय.