जास्त कन्सोल खपले म्हणजे जिंकले?

‘ज्याचे कन्सोल सर्वाधिक खपले तो जिंकला, बाकीचे संपले. आता तर मायक्रोसॉफ्टनेच कोर्टात हार कबूल केलीय.’ कन्सोल म्हणजे व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र; त्याबद्दलचा हा दावा सध्या विक्रीच्या आलेखासकट फिरतोय. त्यातलं एकेक विधान तपासू.

‘खप जास्त म्हणजे कमाई जास्त.’ इथेच गाडी घसरते. २००१ साली आलेला मायक्रोसॉफ्टचा पहिला कन्सोल, एक्सबॉक्स, सुमारे २ कोटी ४० लाख खपला, निन्टेंडोचा गेमक्यूब २ कोटी १७ लाखांवर थांबला. आलेखात एक्सबॉक्स वर. प्रत्यक्षात मायक्रोसॉफ्टने त्यापायी अब्जावधी डॉलर घालवले, तर निन्टेंडो नफ्यात राहिली (तिच्याच हातात धरून खेळायच्या गेम बॉय ॲडव्हान्सचा हातभार मोठा होता, ते धरूनच बोलतोय). सोनीचा प्लेस्टेशन ३ तर २००६ मध्ये ४९९ आणि ५९९ डॉलरला येऊनही उत्पादनखर्चापेक्षा स्वस्त विकला जात होता. म्हणजे सुरुवातीला खप वाढेल तसा तोटाही वाढणार! हा तोटा कंपन्या जाणूनबुजून सोसतात, कारण खरा पैसा पुढे असतो: प्रत्येक गेममागे मिळणारा वाटा, सबस्क्रिप्शन, जादा कंट्रोलर. आलेखात यातलं काहीच दिसत नाही.

‘हरलेला संपतो.’ सेगा कंपनीने २००१ मध्ये आपला कन्सोल, ड्रीमकास्ट, गुंडाळला, हे खरं. पण निन्टेंडोचा वी यू जेमतेम १ कोटी ३५ लाख खपला आणि त्याच कंपनीचा पुढचा कन्सोल, स्विच, १५ कोटींच्या पुढे गेला.

राहिली कोर्टातली कबुली. ती कधी दिली, ते बघा. मायक्रोसॉफ्ट ‘कॉल ऑफ ड्यूटी’ बनवणारी ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड कंपनी विकत घेत होती आणि २०२३ मध्ये अमेरिकी सरकारची एफटीसी (बाजारातली स्पर्धा राखणारी यंत्रणा) ती खरेदी रोखू पाहत होती. ‘आम्ही कन्सोलच्या लढाईत हरलोय’ असं म्हणण्यातच तेव्हा मायक्रोसॉफ्टचा फायदा होता: मागे पडलेल्या कंपनीमुळे स्पर्धा कशी संपेल, असं म्हणता येतं. एक्सबॉक्स मागे पडलाय यात वाद नाही, पण वकिलाचा युक्तिवाद म्हणजे ताळेबंद नव्हे. ६८.७ अब्ज डॉलरचा तो सौदा ऑक्टोबरमध्ये पूर्ण झाला. आता प्लेस्टेशनवर ‘कॉल ऑफ ड्यूटी’ विकला गेला की सोनी आपला वाटा कापून घेते आणि उरलेले पैसे मायक्रोसॉफ्टला जातात. हे आलेखाच्या कुठल्या रकान्यात बसवणार?

एका ठिकाणी मात्र यंत्रांच्या संख्येला खरंच वजन आहे: गेम बनवणाऱ्या स्टुडिओंच्या हिशेबात. गिऱ्हाईकच मोजकं असेल तर त्या कन्सोलसाठी गेम वेगळा बांधण्याचा खर्च निघत नाही. बाहेरच्या बहुतेक मोठ्या प्रकाशकांनी वी यूकडे पाठ फिरवली ती यामुळेच.