जुना सिंगल-स्टेज स्नोब्लोअर: सिरॅक्यूसहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया शनिवारी वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं मला पटेना, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मिनियापोलिसला नव्यानं आलेल्या मराठी कुटुंबांसाठी मी पहिल्या हिवाळ्याच्या तयारीवर लिहिलं, त्यात जुना, वापरलेला सिंगल-स्टेज स्नोब्लोअर (बर्फ उडवून वाट साफ करणारं छोटं मशीन) घ्या असं सुचवलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन. हे मशीन म्हणजे खेळणं आहे. चांगलं चालणारं मशीन कुणी विकत नाही, म्हणजे आपण दुसऱ्याची डोकेदुखी पैसे मोजून घरी आणतो. आणि दोन-तीनशे डॉलर वाचवायची आपली जुनी खोड मी नवख्यांच्या गळ्यात मारतोय. घ्यायचं तर नवं टू-स्टेज (मोठं, जास्त ताकदीचं मशीन) घ्या, नाहीतर सरळ फावडं उचला, तेवढाच व्यायाम, असं तुम्ही लिहिलंत.

पहिल्या आक्षेपातलं निम्मं मला मान्य आहे. तुम्ही न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूसला राहता. ऑन्टॅरिओ सरोवरावरून वारा येतो आणि एका रात्रीत दोन-दोन फूट बर्फ टाकून जातो. तुमच्याकडे मोसमाची सरासरी 125 इंचांच्या आसपास, आमच्याकडे 50 च्या थोडी वर. तुमच्या गावात राहत असतो तर मीही टू-स्टेजच घेतलं असतं. पण लेख मिनियापोलिससाठी होता. इथला बर्फ बहुतेक वेळा तीन-चार इंचांचा, कोरडा आणि भुसभुशीत. त्याला हे मशीन पुरतं, आणि एका बाबतीत मोठ्यापेक्षा सरस ठरतं.

ती बाब सांगतो. सिंगल-स्टेजमध्ये रबरी पात्यांचा एकच रोटर (फिरणारा दांडा) असतो. तोच बर्फ खरवडतो आणि तोच च्यूटमधून, म्हणजे वरच्या नळकांड्यातून, बाहेर फेकतो. पाती जमिनीला घासत फिरतात, त्यामुळे मागे काळं डांबर दिसतं. टू-स्टेजमध्ये पुढचा लोखंडी ऑगर (स्क्रूसारखा फिरणारा दांडा) बर्फ आत ओढतो आणि मागचा पंखा तो दूर फेकतो. ताकद भरपूर, पण लोखंड जमिनीवर आपटू नये म्हणून ते थोडं उचलून ठेवलेलं असतं, आणि खाली पातळ थर राहतो. शून्याखाली पंधरा-वीस सेल्सियसला त्याच थराची काच होते. सकाळी मुलांना बसपर्यंत सोडायला निघालेल्या माणसाला ही काच सर्वांत घातक.

2022-23 च्या हिवाळ्यात इथं 90 इंच बर्फ पडला, नोंदींतल्या सर्वांत मोठ्या हिवाळ्यांपैकी तो एक. माझ्या छोट्या मशीननं तो निभावला, पण त्याची एक रीत आहे. बर्फ थांबायची वाट बघायची नाही. पाच-सहा इंच साठला की एक फेरी, मग थांबल्यावर दुसरी. शहराचा प्लाऊ (रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी गाडी) जाताना ड्राइव्हवेच्या (घरापासून रस्त्यापर्यंतच्या गाडीच्या वाटेच्या) तोंडाशी ओल्या, घट्ट बर्फाचा बांध घालून जातो. त्यावर मशीन सरळ ढकललं तर ते नुसतं वर चढतं. आधी फावड्यानं बांध फोडायचा, मग मशीनची अर्धीच रुंदी आत घालत कडेनं खायचं. हे काम त्याच संध्याकाळी करावं. रात्रभर गोठलेल्या बांधाला दुसऱ्या दिवशी पहारच लागते.

एक चूक मात्र माझीच होती आणि ती तुम्ही दाखवलीत. 'ड्राइव्हवे कसाही असला तरी चालेल' हे वाक्य मी लिहायला नको होतं. खडीवर हे मशीन वापरूच नये. जमिनीला घासणारी पाती खडीही उचलतात, आणि च्यूटमधून सुटलेला दगड शेजाऱ्याच्या खिडकीवर जाईल की माणसावर, सांगता येत नाही. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. चढाचा ड्राइव्हवे असेल तरी दोनदा विचार करा. या मशीनच्या चाकांना इंजिनाचा जोर नसतो, पाती ओढतील तेवढंच ते पुढे जातं.

आता दुसरा आक्षेप, चालू मशीन कुणी का विकेल? या गावात चौदा वर्षं काढल्यावर सांगतो, लोक मशीनपायी क्वचित विकतात, आयुष्य बदललं म्हणून विकतात. कुणी अ‍ॅरिझोनाला चाललेला असतो. कुणी टाउनहाउसमध्ये जातो, तिथं बर्फाचं काम घरमालकांची असोसिएशन बघते. कुणाचे गुडघे गेलेले असतात. माझं आत्ताचं मशीन मी एका आजींकडून 175 डॉलरला घेतलं. त्यांचे यजमान आदल्या वर्षी गेले होते. हँडलला मास्किंग टेपची पट्टी होती आणि तिच्यावर यजमानांच्या अक्षरात ऑइल कधी बदललं, प्लग कधी, पट्टा कधी, सगळ्या तारखा. मी भाव केला नाही. ती पट्टी अजून तशीच आहे, तिच्याखाली आता माझी दुसरी पट्टी आहे.

फसवणारेही भेटतात, नाही असं नाही. पहिल्या हिवाळ्यात मी स्वतः फसलोय. विकणाऱ्यानं एका ओढीत मशीन सुरू करून दाखवलं, मी खुशीत पैसे दिले, आणि दोन दिवसांनी थंडीत दोरी ओढून ओढून खांदा भरून आला तरी ते सुरू होईना. मी पोचण्याआधी त्यानं इंजिन तापवून ठेवलं होतं. तेव्हापासून माझा नियम: गेल्या गेल्या हातमोजा काढून सायलेन्सरजवळ हात न्यायचा. ऊब लागली तर पुन्हा यायचं, थंड इंजिन बघायचं. थंड इंजिन चोक लावून तीन-चार ओढींत सुरू झालं पाहिजे, आणि चोक काढल्यावर एका लयीत चाललं पाहिजे. चोकशिवाय ते खाली-वर होत असेल, तर कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकटा बसलाय असं बहुतेक वेळा निघतं. इथल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं, आणि उन्हाळाभर टाकीत राहिलं की हेच होतं. ही दुरुस्ती अवघड नाही, पण किंमत ठरवताना ती धरावी.

मग रबरी पाती बघा. कडा झिजून ओबडधोबड झाल्या असतील तर ती बदलायची आलीच. खालची स्क्रेपर पट्टीही झिजते. ही दोन्ही सहज मिळतात आणि घरी बसवता येतात, त्यासाठी मशीन सोडू नका. सोडायचं ते इंजिनासाठी. दोरी ओढताना हाताला दाब लागायलाच हवा. ती विहिरीवरच्या सैल रहाटासारखी फिरली तर नमस्कार करून घरी या. मूठ दाबली की रोटर लगेच फिरला पाहिजे, सोडली की थांबला पाहिजे.

टू-स्ट्रोक इंजिनाचं (पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं असं) मशीन टाळा असं तुम्ही लिहिलंत, ते नवख्यांसाठी योग्यच आहे. टोरो कंपनीची जुनी लाल सीसीआर मॉडेलची टू-स्ट्रोक मशीनं इथं अजून घरोघर दिसतात, हलकी आणि चिवट. पण पेट्रोलमध्ये 50 ला 1 या प्रमाणात तेल मिसळायचं ध्यान हवं. विसरून नुसतं पेट्रोल घातलं की इंजिन जळालंच. पहिलं मशीन फोर-स्ट्रोक घ्यावं, त्यात तेल वेगळं असतं. डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) काढून ते तेल बघा. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय.

तिसऱ्या आक्षेपानं मात्र मला वाईट वाटलं. हा सल्ला मी कंजुषीतून दिलेला नाही. व्हिसा किती वर्षं टिकेल, पुढच्या वर्षी याच घरात असू का, हे ज्याला माहीत नाही, त्यानं पहिल्याच हिवाळ्यात हजार डॉलरच्या वरचं टू-स्टेज का घ्यावं? घेता येत नाही म्हणून तो फावडं उचलतो, आणि मला भीती त्याचीच आहे.

हिशेब करा. बारा मीटर लांब, पाच मीटर रुंद ड्राइव्हवे आणि सहा इंच ताजा बर्फ. हा झाला नऊ घनमीटर. कोरडा बर्फ घनमीटरला शंभर किलो धरला तरी 900 किलो, ओला असेल तर दुप्पट. हे सगळं गोठवणाऱ्या हवेत, वाकून, श्वास कोंडून, हातांनी उचलायचं. थंडीनं रक्तवाहिन्या आकसतात आणि त्याच वेळी हृदयावर एकदम ताण येतो. आपल्या दक्षिण आशियाई लोकांत हृदयविकार लवकरच्या वयात गाठतो. वर्षभर खुर्चीत बसणाऱ्या पंचेचाळिशीच्या माणसाला मी व्यायाम म्हणून हे करायला सांगणार नाही. शिवाय मिनियापोलिस शहरात बर्फ थांबल्यापासून 24 तासांत घरासमोरचा फुटपाथ साफ करावा लागतो, म्हणजे दमलो म्हणून उद्यावर ढकलण्याचीही सोय नाही.

च्यूट तुंबल्यावर काय करायचं हे मूळ लेखात नव्हतं, ते तुम्ही विचारलंत म्हणून इथं लिहितो. इंजिन बंद, किल्ली बाहेर, रोटर पूर्ण थांबू द्यायचा, आणि मग काठीनं बर्फ पाडायचा. हात आत घालायचा नाही, इंजिन बंद असलं तरी नाही. अडकलेल्या रोटरमध्ये पट्ट्याचा ताण शिल्लक राहू शकतो आणि बर्फ सुटताच तो झटका देतो. रबरी पाती मऊ दिसतात म्हणून लोक बिनधास्त हात घालतात. आणि मशीन गराजच्या बाहेर आणूनच सुरू करा, दार उघडं आहे एवढ्यावर भागत नाही.

तुमचा भाचा ऑगस्टमध्ये मिनियापोलिसजवळच्या ईडन प्रेरीला येतोय असं तुम्ही शेवटी लिहिलंय. त्याला ड्राइव्हवेची लांबी, उतार आणि डांबर आहे की खडी, एवढं कळवायला सांगा. ऑक्टोबर उजाडला की भाव चढतात, तेव्हा सप्टेंबरातच बघू. एखाद्या शनिवारी मी त्याच्याबरोबर जाईन. माझ्या गाडीच्या डिकीत हँडल दुमडून एक मशीन आरामात बसतं.